'मी आहे' आणि 'मी अमुक आहे': निसर्गदत्त महाराज काय सांगत होते

परगावी, अनोळखी खोलीत झोपल्यावर पहाटे जाग आली की कधीकधी एक गंमत होते. डोळे उघडतात, पण आपण कुठे आहोत ते क्षणभर कळत नाही. दार भलत्याच बाजूला दिसतं. आज वार कोणता, आपण इथे कशासाठी आलो, काही सुचत नाही. मग एकेक गोष्ट परत येते: गाव, काम, नाव, कालची बोलाचाली. पण त्याआधीच्या अर्ध्या क्षणात काय होतं? नाव नव्हतं, वय नव्हतं, पत्ता नव्हता. तरीही 'आपण नाही' असं काही वाटलं नव्हतं. असणं होतंच. त्याला अजून काही चिकटलेलं नव्हतं, इतकंच.

हे उदाहरण माझं आहे, महाराजांचं नव्हे. पण निसर्गदत्त महाराजांचं बहुतेक सगळं सांगणं या अर्ध्या क्षणाभोवतीच फिरतं, असं मला वाटतं. तो क्षण नीट हाती लागला तर त्यांची शिकवण अवघड नाही. निसटला तर मात्र त्यांच्यावरची दहा पुस्तकं वाचूनही डोक्यात नुसते शब्दच जमतात.

आणि शब्दांचा इथे खरंच घोटाळा आहे. हे गृहस्थ आयुष्यभर मराठीत बोलले, मुंबईत बोलले. जगाला मात्र ते इंग्रजीतून कळले, आणि आता अनेक मराठी वाचकही त्यांच्याकडे इंग्रजीच्या वळणाने पोहोचतात. 'कॉन्शसनेस', 'अवेअरनेस', 'ॲब्सोल्यूट' असले शब्द वाचून दबून जातात. त्यामागे 'जाणीव', 'असणेपण', 'परब्रह्म' हे आपल्या ओव्या-अभंगांतले शब्द उभे आहेत, हे ध्यानातच येत नाही.

विडीच्या दुकानातला माणूस

आधी माणूस थोडा ओळखीचा करून घेऊ. 1897 सालच्या हनुमान जयंतीला मुंबईत एक मुलगा जन्मला, म्हणून त्याचं नाव मारुती ठेवलं. मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजेच पुढचे निसर्गदत्त महाराज. बालपण गेलं आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कांदळगावात. थोडी शेती, गुरं, मोठं कुटुंब आणि बेताचं शिक्षण. 1915 मध्ये वडील गेले. घर चालवायचं तर मुंबई गाठायची, ही कोकणातल्या घराघरातली वाट. मारुतीही 1918 मध्ये मुंबईला आला. काही काळ कारकुनी केली, ती मानवली नाही, मग विड्या आणि किरकोळ वस्तूंचं छोटं दुकान टाकलं. धंदा जमला, एकाची अनेक दुकानं झाली. 1924 मध्ये सुमतीबाईंशी लग्न झालं. तीन मुली, एक मुलगा. इथपर्यंत या चरित्रात 'संत' म्हणावं असं काही नाही, आणि मला ते आवडतं.

1933 मध्ये यशवंतराव बागकर नावाच्या मित्राने त्यांना आपल्या गुरूंकडे नेलं. मारुतीला फारसा उत्साह नव्हता, मित्राचा आग्रह होता. ते गुरू म्हणजे सिद्धरामेश्वर महाराज. 1888 चा जन्म, सोलापूरकडच्या पाथरीचे. त्यांनी मारुतीला जे सांगितलं त्याचा सारांश असा: तू स्वतःला जो समजतोस तो तू नाहीस, 'मी आहे' ही जी जाणीव तुझ्यात आहे, तिला धरून राहा. एवढंच. मारुतीने ते मनावर घेतलं. दुकान सांभाळून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, रात्री, मिळेल तेव्हा त्या जाणिवेपाशी बसून राहिला. सिद्धरामेश्वर महाराज 1936 च्या नोव्हेंबरमध्ये गेले. म्हणजे गुरूचा सहवास मिळाला जेमतेम तीन वर्षं. काम तेवढ्यात झालं, असं महाराज नंतर सांगत.

पुढचा प्रसंग मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत बोलका वाटतो. 1937 मध्ये ते घरदार सोडून निघाले. हिमालयात जायचं, संन्याशासारखं राहायचं. वाटेत एका गुरुबंधूची गाठ पडली. बोलता बोलता त्यांना पटलं की आसक्ती सुटली असेल तर जागा बदलायची गरज नाही, आणि सुटली नसेल तर जागा बदलून उपयोग नाही. ते परतले. 1938 मध्ये पुन्हा मुंबई, पुन्हा विड्या. बहुतेक दुकानं तोवर गेली होती. एक उरलं होतं, त्यावर त्यांनी संसार चालवला. पुढच्या दशकात पत्नी गेली, एक मुलगीही गेली. 1951 च्या सुमारास ते अनुग्रह देऊ लागले. खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत वनमाळी बिल्डिंगमधल्या त्यांच्या घरात एक पोटमाळा होता. उभ्या जिन्याने वर चढायचं, बुटक्या खोलीत दाटीवाटीने बसायचं. रोजचा सत्संग तिथेच. बाहेर गल्लीचा गोंगाट, आत महाराज विडी ओढत प्रश्नांना उत्तरं देताहेत. आश्रम काढला नाही, कुठे परदेश दौरा केला नाही.

आता मुद्द्याचं

'मी आहे' आणि 'मी अमुक आहे' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. मी शिक्षक आहे, मी आजारी आहे, मी अमक्याचा मुलगा आहे, मी हुशार आहे, मी वाया गेलोय. या वाक्यांचा मधला भाग सारखा बदलतो. लहानपणी एक होता, आज दुसरा आहे, निवृत्तीनंतर तिसरा असेल. 'मी' आणि 'आहे' ही दोन टोकं मात्र तीच राहतात. आपलं सगळं लक्ष मधल्या भागावर असतं: तो सुधारायचा, लपवायचा, मिरवायचा. महाराज म्हणत, लक्ष मधून काढा आणि टोकांकडे न्या.

हे कुणी शिकवावं लागत नाही, कारण 'मी आहे' हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. नाव आईवडिलांनी सांगितलं. जात, धर्म, गाव, हे मुलगा की मुलगी, सगळं दुसऱ्यांनी सांगितलं आणि आपण ते खरं धरलं. तान्हं मूल पाहा. त्याला नाव ठाऊक नसतं, तरी भूक लागली की ते रडतं. बोलायला लागल्यावरही बरेच दिवस ते 'बाळाला भूक लागली' असं म्हणतं, जणू बाळ म्हणजे शेजारचं कुणी आहे. 'मला' नंतर येतं. त्या वयाची आठवण आपल्याला राहत नाही, पण आपण होतो याबद्दल शंकाही नसते. महाराज श्रोत्यांना पुन्हा पुन्हा या टप्प्याकडे नेत: नाव चिकटण्याआधी तुम्ही कोण होता?

मग करायचं काय? इथे बहुतेकांची पहिली चूक होते. 'मी आहे, मी आहे' असा जप सुरू होतो. हे शब्द घोकायचे नाहीत. शब्द मावळल्यावरही जे मागे उरतं त्याची दखल घ्यायची. डोकेदुखी आहे हे कळण्यासाठी 'माझं डोकं दुखतंय' असं मनात म्हणावं लागत नाही, तसंच हे. दुसरी चूक, काहीतरी दिसेल म्हणून वाट पाहणं. प्रकाश, नाद, अंगावर शहारा. ते आलं तरी ते 'अमुक'मध्येच जमा होतं, कारण ते कुणाला तरी दिसलं. ज्याला दिसलं तिकडे वळायचं आहे. तिसरी चूक मात्र सज्जन लोकांची असते: विचार थांबले पाहिजेत असा हट्ट. विचार येऊ देत. गर्दीतून जाताना आपण लोकांना हाकलत बसत नाही, आपल्या वाटेने चालतो.

रमण महर्षींशी इथे तुलना होते आणि ती उपयोगी आहे. तिरुवण्णामलईचे रमण महर्षी 'मी कोण?' असा शोध घ्यायला सांगत. म्हणजे 'मी'चा माग काढत त्याच्या उगमापर्यंत जायचं. निसर्गदत्त महाराजांच्या सांगण्यात शोधापेक्षा मुक्कामावर भर जास्त: 'मी आहे' या जाणिवेवरच बसून राहा, मग ती स्वतःच आपलं मूळ दाखवते. अंगण एकच, दारं दोन.

मुंगी आणि पक्षी

हे सगळं खेतवाडीत उगवलेलं नाही. महाराजांची परंपरा कर्नाटकातल्या इंचगिरी गावची, नवनाथ संप्रदायाला जोडणारी. निंबर्गी महाराज, त्यांच्या शाखेतले उमदीचे भाऊसाहेब महाराज, त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गुरुदेव रानडे हेही भाऊसाहेब महाराजांचेच शिष्य. भाऊसाहेब महाराजांचा भर नामावर आणि दीर्घ ध्यानावर होता. 1914 मध्ये ते गेले. त्यानंतर सिद्धरामेश्वर महाराजांना वाटू लागलं की ध्यान ही सुरुवात आहे, त्याच्या पुढे जायला हवं. गुरुबंधूंना हे रुचलं नाही. गुरूने सांगितलं तेवढं करावं, असं त्यांचं म्हणणं. सिद्धरामेश्वर महाराजांनी आपली वाट धरली.

याला जुने शब्द आहेत: पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग. मुंगी झाडाच्या बुंध्यापासून निघते, फांदीफांदीने जात फळापर्यंत पोहोचते. पक्षी सरळ फळावर जाऊन बसतो. दीर्घ ध्यानधारणा हा मुंगीचा मार्ग, तर गुरूचं बोलणं ऐकून, त्यावर मनन करून विवेकाने पोहोचणं हा पक्ष्याचा. 'पक्ष्याचा' म्हटलं की लोकांना तो सोपा वाटतो. सोपा नाही, जवळचा आहे. विचार धारदार असल्याशिवाय हे पंख उघडत नाहीत.

या विवेकाची पद्धत सिद्धरामेश्वर महाराज चार देहांच्या भाषेत मांडत. स्थूल देह म्हणजे हाडामांसाचा. तो मी नाही, कारण 'माझा हात' असं मी म्हणतो. जो 'माझा' म्हणतो तो त्या वस्तूहून निराळा. सूक्ष्म देह म्हणजे मन, बुद्धी, इच्छा, कल्पना. तेही 'माझं मन' म्हणूनच ओळखतो, तेव्हा तेही मी नाही. मग उरतो कारण देह. इथे काहीच कळत नाही, नुसतं विस्मरण, गाढ झोपेसारखं. साधक इथे घाबरतो किंवा 'शून्यच खरं' म्हणून थांबतो. पण 'काहीच नव्हतं' हे सांगणारा कुणीतरी आहे. झोपेतून उठून 'काही कळलं नाही' असं आपण खात्रीने म्हणतो, ती खात्री कुठून आली? ते ज्याला कळलं तो महाकारण देह: शुद्ध जाणीव, 'मी आहे'.

बहुतेक अध्यात्म इथे पोहोचून सोहळा करतं. सोऽहम्, अहं ब्रह्मास्मि, झालं. या गुरुशिष्यांचं वेगळेपण असं की ते इथेही थांबत नाहीत.

पाहुणा

निसर्गदत्त महाराज विचारत: ही 'मी आहे' जाणीव तरी कायमची आहे का? जन्मापूर्वी ती होती असं तुम्ही म्हणू शकत नाही. गाढ झोपेत ती मावळते. भूल दिली की जाते. अन्न मिळालं नाही तर क्षीण होते. म्हणजे ती अन्नमय देहावर अवलंबून आहे. उदबत्ती आहे तोवर सुवास आहे. उदबत्ती संपली की सुवास कुठे 'गेला' असं विचारण्यात अर्थ नसतो. देहात अन्नाचं सत्त्व आहे तोवर जाणिवेचा सुवास. तिला ते पाहुण्यासारखं मानत: न बोलावता आली, न सांगता जाईल.

ऐकायला हे थेट जडवाद्यासारखं वाटतं, आणि मला वाटतं ते वाटावं म्हणूनच महाराज इतकं रोखठोक बोलत. फरक पुढच्या पावलात आहे. जडवादी म्हणेल, जाणीव गेली की सगळं संपलं. महाराज विचारतात, ती आली आणि जाते आहे हे कशाच्या आधारावर ठरलं? येणं-जाणं कळायला न येणारं-न जाणारं काहीतरी लागतं. फलाट हलत असता तर गाडी आली की गेली हे कळलं नसतं. ते न हलणारं म्हणजे परब्रह्म. त्याला 'मी आहे' असंही म्हणावं लागत नाही, कारण 'आहे' म्हणायला 'नाही'ची शक्यता लागते.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात अज्ञानाचं खंडन केलं, आणि पाठोपाठ ज्ञानाचंही खंडन केलं. अज्ञानाचा काटा काढायला ज्ञानाचा काटा वापरला, पण काम झाल्यावर दोन्ही टाकायचे. दुसरा काटा सोन्याचा आहे म्हणून पायात ठेवायचा नाही. दासबोधात समर्थ मूळमायेबद्दल बोलतात, ती निर्गुणात उठलेली पहिली 'मी'ची स्फूर्ती. महाराजांचं 'मी आहे' तेच. इंचगिरी परंपरेत दासबोध नेहमीच्या वाचनातला ग्रंथ, सिद्धरामेश्वर महाराजांची कित्येक निरूपणं त्यावरचीच. इंग्रजीतून येणाऱ्या वाचकाला जे अपूर्व वाटतं ते पुष्कळदा आपल्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवलेलं असतं.

जगात कसे पोहोचले

मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर 1930 च्या दशकात भारतात आले. गांधीजींसोबत काम केलं, रमण महर्षींकडे राहिले, औंध संस्थानात राजाने प्रजेच्या हाती कारभार सोपवण्याचा जो प्रयोग केला त्यातही त्यांचा हात होता. विलक्षण माणूस, त्यांच्यावर वेगळा लेख हवा. उतारवयात ते खेतवाडीच्या माळ्यावर पोहोचले. महाराजांचे संवाद टेपवर घेतले, इंग्रजीत उतरवले, आणि 1973 मध्ये मुंबईच्या 'चेतना' प्रकाशनाने ते 'आय ॲम दॅट' या नावाने छापले. त्यात 101 संवाद आहेत. त्यानंतर माळ्यावर परदेशी लोकांची रांग लागली आणि दुभाषे बसू लागले. बँक ऑफ इंडियातून निवृत्त झालेले रमेश बाळसेकर हे त्यांतले एक.

फ्रीडमन यांची भाषा सुंदर आहे. कधीकधी मला ती जरा जास्तच सुंदर वाटते. मराठी बोलण्यातला खडखडाट तिथे गुळगुळीत होऊन येतो. महाराज चिडत, नुसती पांडित्याची पोपटपंची करणाऱ्याला उठवून लावत. शेवटच्या दोन वर्षांतले संवाद वाचले की खरा पोत जाणवतो. 1980 मध्ये त्यांना घशाच्या कर्करोगाचं निदान झालं. त्यानंतर आवाज कमी झाला आणि सांगणं आणखी आखूड झालं. साधना, सदाचार यांच्या गोष्टी मागे पडल्या. बोलायचं ते फक्त जाणिवेच्या आधीच्या स्थितीबद्दल. दुखतं आहे हे त्यांनी नाकारलं नाही. दुखणं जाणिवेत आहे, एवढंच सांगत राहिले. 8 सप्टेंबर 1981 ला त्यांनी देह ठेवला.

विडीबद्दल भक्त अवघडतात. ज्ञानी माणसाला व्यसन कसं, आणि त्यातूनच आजार कसा? मग 'ती लीला होती' अशी सारवासारव होते. त्याची गरज नाही. देहाला लागलेली सवय देहाची होती, तिचा परिणामही देहाला झाला. त्यांच्याच शिकवणीत यात विसंगती नाही. सवय चांगली होती असं मात्र कुणी म्हणू नये.

याच्या जवळचा एक धोका आहे. 'कर्ता कुणीच नाही, सगळं आपोआप घडतं' हे वाक्य अर्धवट ऐकलं की फार सोयीचं पडतं. उसने पैसे परत न करायला, घरच्यांना वाऱ्यावर सोडायला, चूक कबूल न करायला. महाराज स्वतः सकाळी दुकान उघडत आणि मुलांची जबाबदारी पार पाडत. 'अमुक'ची पकड सुटली तर व्यवहारातली कुरकुर सुटते, व्यवहार नाही. शिवाय ज्याचं मन आधीच विस्कटलेलं आहे, त्याने 'मी खरा आहे का' असल्या विचारांत एकट्याने खोल शिरू नये, असं माझं मत आहे. त्याला आधी माणसं हवीत, झोप हवी, गरज असेल तर डॉक्टर हवा.

देव, देऊळ, डोंगर

माळ्यावर येणारे परदेशी पाहुणे एका गोष्टीने चक्रावत. सकाळी हा माणूस म्हणतो की देव ही तुमच्या जाणिवेतली कल्पना आहे, जाणीव आहे म्हणून देव आहे. आणि थोड्या वेळाने तोच टाळ घेऊन उभा राहतो, भजन म्हणतो, गुरूच्या तसबिरीला ओवाळतो. मग खरं कुठलं?

मराठी माणसाला हा प्रश्न पडायला नको, तरी पडतो. अमृतानुभवातच याचं उत्तर आहे. एकाच डोंगरात देव कोरला, देऊळ कोरलं, भोवतीचा परिवारही कोरला. मग भक्तीचा व्यवहार तसा का होऊ नये? वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्या माणसाला हे डोळ्यांपुढे आणायला अडचण नाही. शिवही तोच दगड, नंदीही तोच, पायरीही तीच, आणि हत्तीसुद्धा. तिथे कुणी म्हणत नाही की सगळा एकच दगड आहे तर शिल्प कशाला. तो एकच आहे म्हणूनच त्यात इतकं उभं राहू शकलं. 'मी अमुक' गळून पडल्यावर उरलेल्या माणसाने गुरूला हात जोडले तर त्यात दोघं नसतात. हात जोडण्याचा आनंद तेवढा असतो.

महाराजांचं स्वतःचं उत्तर याहून साधं होतं. गुरूंनी भजन करायला सांगितलं होतं, म्हणून ते करत होते. आपल्याला त्याची गरज उरली आहे का, हा प्रश्न त्यांनी गुरूंच्या सांगण्याला लावला नाही. खेतवाडीच्या त्या बुटक्या माळ्यावर दिवसातून चार वेळा भजन होई, आणि जागा इतकी कमी की टाळ वाजवताना शेजाऱ्याला कोपर लागे.